मातीच्या भिंती नाही पाडल्या

दोन वर्षं घरात एकच विषय, जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं. पण मी मे महिन्यात काकांकडं स्लॅबखाली झोपून पाहिलंय, दिवसभर ४५ डिग्री ऊन पिऊन तो स्लॅब अर्ध्या रात्रीपर्यंत तेच ऊन खाली सोडतो. आमच्या मातीच्या भिंती दीड हात जाड, ऊन आत पोचेपर्यंत दिवस मावळतो.

भावाला घेऊन सेवाग्रामला गेलो. बापू कुटी शाळेच्या सहलीत पाहिली होती पण घर म्हणून नव्हती पाहिली. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, त्यांची ही कुटी माती, लाकूड, बांबू अन् कवेलू म्हणजे मातीची कौलं, यांवरच उभी आहे. भाऊ आत बराच वेळ बसला, मग म्हणे, भिंती राहू दे.

छताचं भांडण मात्र खरं होतं. माकडं उड्या मारून कवेलू फोडतात, दर पावसाळ्याआधी घर फेरायला, म्हणजे कवेलू काढून नीट रचायला, आता माणूस मिळत नाही. म्हणून खाली टिनं टाकली अन् वर जुनेच कवेलू, एखादं फुटलं तरी गळत नाही आणि टिनं फार तापत पण नाहीत.

एक चूक झाली. पश्चिमेच्या भिंतीला मिस्त्रीचं ऐकून सिमेंटची छपाई केली. मातीची भिंत ओल ओढते आणि सोडते, सिमेंटनं ओल आतच कोंडली, पहिल्याच पावसाळ्यात मातीसकट पोपडे खाली. सगळं खरवडलं आणि परत माती अन् कुटार म्हणजे भुसा, त्याचा गिलावा, वरून चुना. पैसे गेले ते गेलेच.

बाकी सगळं मायसाठी. आठ दिवस ती कुठं उठते, कुठं बसते तेच पाहत होतो. मिस्त्री म्हणे स्वयंपाकाचा ओटा ३३ इंचच राहते सगळीकडं. माय ठेंगणी, गुडघे गेलेले. विटा रचून वर फरशी ठेवली आणि तिला पोळ्या लाटायला लावल्या, ३० इंचावर तिचे खांदे सैल झाले, तेच माप पक्कं. संडास-न्हाणी चार पायऱ्या उतरून सांदवाडीत म्हणजे मागच्या अंगणात होती, ती सपरीला म्हणजे ओसरीला लागून घेतली, उंबरठा नाही, बाजूला धरायला स्टीलचा दांडा. कुलरच्या खिडकीसमोर भिंतीत वर झरोका काढला, हवा बाहेर निघाली नाही तर कुलर नुसती चिकचिक करतो.

माय आता दुपारी सपरीत तूर निवडत बसते. काल म्हणे, "बाबू, इथं एक खुटी ठोक ना, सूप टांगाले."

तेवढी राहिली आहे, उद्या ठोकतो.