शिकागोच्या थंडीत कढीपत्ता जगवताना

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या सात वर्षांच्या कढीपत्त्यावर एकही पान उरलं नव्हतं. तीन फूट उंचीच्या नुसत्या काड्या, आणि खाली कुंडीभर ओली माती. मी रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर उभी राहायचे आणि मनातल्या मनात हिशेब करायचे, नक्की कुठे चुकलं?

बाकीची झाडं आत आणणं सोपं गेलं. रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास यायला लागलं, तेव्हा सप्टेंबरअखेर कुंड्या आत घेतल्या. मोगरा दक्षिणेच्या खिडकीत बसला. अंजिराची पानं गळू दिली आणि कुंडी गॅरेजमध्ये ढकलली. गॅरेज गरम नाही, पण बाहेरइतकं गारही होत नाही. त्याला महिन्यातून एकदा वाटीभर पाणी पुरतं. अळूचे कंद पहिल्या दंवानंतर उकरले, वाळवले आणि कागदी पिशवीत घालून तळघरात ठेवले. तुळशीसाठी मी धडपड करत नाही, मंजिऱ्या वाळवून बी ठेवते आणि मार्चमध्ये पेरते.

कढीपत्त्याची गोष्ट वेगळी. तो गेला तर तसा दुसरा मिळवणं इथे अवघड आहे. फ्लोरिडातल्या मैत्रिणीने रोप द्यायची तयारी दाखवली होती, पण संत्र्या-लिंबांचा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही राहते. त्यामुळे तिकडून रोप बाहेर पाठवायला क्वारंटाइनचे नियम आडवे येतात. आणि हे झाड मी बोटभर रोपापासून वाढवलंय.

जानेवारीत पानं पिवळी पडून गळायला लागली. घरात हीटर दिवसभर चालतो, हवा कोरडी होते. मला वाटलं, तहानलंय. ज्याला विचारावं तोही तेच म्हणे, पाणी वाढव. मी वाढवलं. पानं आणखी गळली, मी आणखी वाढवलं. खालच्या ताटलीत पाणी साचून राहायचं आणि मातीवर बारीक काळी चिलटं उडायची. ती चिलटं म्हणजे माती सतत ओली असल्याची खूण, हे मला कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं. कुंडीबरोबर आलेल्या कागदावर 'आठवड्यातून एकदा पाणी' असं छापलं होतं, उन्हाळा-हिवाळा असा काही भेदच नाही. त्या एका ओळीचा राग अजून गेलेला नाही. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम नऊ तासांचा. उजेड नाही, नवी पानं नाहीत, म्हणजे झाड पाणी पिणार तरी किती?

आईला फोनवर रडकुंडीला येऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, थंडीत तो झोपतो. आपल्या परसातला नाही का, पौषात निम्मा झडायचा. तू त्याला उठवू नकोस."

त्या दुपारी कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. कडेची मुळं काळी, मऊ, वास येणारी, पण आतली पांढरी आणि घट्ट होती. सडलेली मुळं कात्रीने कापली. झाड आधीपेक्षा लहान कुंडीत, अर्धी माती आणि अर्धं पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) असं मिश्रण करून लावलं. खोडावर नखाने ओरखडा काढून पाहिला, सालीखाली हिरवं दिसलं. तेव्हा खूप हलकं वाटलं. तुमच्याही झाडाची पानं गेली असतील तर कुंडी फेकण्याआधी हा ओरखडा नक्की काढून बघा, बुंध्याजवळ काढा, कारण टोकं वाळलेली असू शकतात.

मग वाट पाहणं. नऊ आठवडे. बोट दोन पेरं आत जाऊन माती कोरडी लागली तरच पाणी, तेही थोडंच आणि कोमट. खत अजिबात नाही. काड्यांवर तपकिरी पुटकुळ्यांसारखी खवले कीड दिसली, ती रबिंग अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने एकेक पुसून काढली. (हे खरं तर आत आणायच्या आधी, बाहेरच करायला हवं. पानाखालून नीट पाहा आणि साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर कीड मोगऱ्यावरही जाते.) हीटरच्या झोतापासून कुंडी लांब ठेवली. मार्चमध्ये वर एलईडीचा दिवा टांगला, टायमरवर रोज चौदा तास.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बुंध्यापासून चार बोटं वर एक तांबूस टोक दिसलं. मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं.

बाहेर न्यायची घाई करू नका. इथे मे महिन्याच्या मध्यापर्यंत दंवाची भीती असते, आणि एकदम उन्हात ठेवलं तर घरातली कोवळी पानं भाजतात. मी आठवडाभर रोज तासभर बाहेर सावलीत ठेवत हळूहळू बाहेर काढलं. पहिली पानं तोडली नाहीत. जूनच्या अखेरीस एक अख्खी काडी तोडून आमटीच्या फोडणीत टाकली.