हरणाला नारिंगी खुपत नाही, निळा खुपतो

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा मोसम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. या दिवसांत रानात शिकारीला उतरायचं तर कमरेवरच्या बाहेरच्या प्रत्येक कपड्याचा निम्मा भाग तरी ब्लेझ ऑरेंज, म्हणजे डोळ्यांत भरणारा झगझगीत नारिंगी असावा लागतो. टोपी घातली तर तीही निम्मी नारिंगी. २०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो. पहिल्यांदा जायचं ठरवल्यावर मला पडलेला प्रश्न बहुतेक नवख्यांना पडतो: जो रंग माणसाला झाडीतून लांबवर दिसावा म्हणून निवडलाय, तो घालून हरणापासून लपायचं कसं?

घरच्यांना आधी शिकारीचंच कोडं होतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे आमच्या पिढीच्या मनात शिकार म्हणजे गुन्हा एवढंच पक्कं बसलंय आणि तिथल्या जंगलांच्या बाबतीत ते तसंच राहावं असं मलाही वाटतं. इथे परवाना, ठरलेला मोसम आणि ठरलेली संख्या असते. मारलेलं जनावर खाल्लं जातं. मला ते शिकायचं होतं आणि शिकायचं तर नीट शिकायचं होतं.

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला इथे प्रशिक्षण घेतल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. वर्गात बहुतेक वेळ बंदुकीच्या सुरक्षिततेवर गेला, आणि तो जायलाच हवा. नळी कुठे रोखलेली आहे, समोर नेमकं काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतलं. कपड्यांवर प्रशिक्षक थोडंच बोलले, पण एक गोष्ट मनात राहिली: पांढरा रुमालसुद्धा बाहेर काढू नका. इथलं हरीण व्हाइटटेल. बिथरलं की शेपटी उभी करतं आणि तिची पांढरी खालची बाजू झाडीत चमकते. शिकारी नेमका तोच पांढरा ठिपका शोधत असतो.

नारिंगीबद्दल मात्र ते एवढंच म्हणाले, ‘घाला, हरणाला फरक पडत नाही.’ का पडत नाही ते मला कळायला हवं होतं, म्हणून घरी येऊन वाचायला बसलो.

ऑगस्ट १९९२ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात काही हरणांच्या डोळ्यांची तपासणी झाली. प्राण्यांच्या रंगदृष्टीचे जाणकार जेराल्ड जेकब्स आणि जे नाइट्झ, विद्यापीठातले हरणांचे अभ्यासक कार्ल मिलर आणि लॅरी मार्चिंटन अशी मंडळी त्यात होती. भूल दिलेल्या हरणाच्या डोळ्यावर कॉन्टॅक्ट लेन्ससारखा इलेक्ट्रोड बसवायचा, वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश आत सोडायचा आणि दृष्टिपटलातून उठणारे विद्युतसंकेत मोजायचे, अशी पद्धत. निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, हरणाच्या डोळ्यांत दोनच. एक ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्याला सर्वांत जास्त प्रतिसाद देते. दुसरी ५३७ नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्याला. लाल आणि हिरवा वेगळे काढायला लागणारी तिसरी पेशी त्यांच्याकडे नाहीच.

ब्लेझ ऑरेंज ६०० नॅनोमीटरच्या आसपास येतो. तिथे हरणाच्या हिरव्या पेशीचा प्रतिसाद बराच उतरलेला असतो आणि निळी पेशी तर जवळजवळ गप्पच असते. त्यामुळे नारिंगी, हिरवा, तपकिरी हे सगळे हरणाला एकाच कुळातले वाटतात, फरक राहतो तो फक्त उजळ की गडद एवढाच. जॅकेट अदृश्य होतं असं मुळीच नाही. ते दिसतं, पण रंगाने ओरडत नाही.

हे वाचताना मला वाघ आठवला. लहानपणापासून पडलेलं कोडं असं की हिरव्या रानात वाघ एवढा केशरी कसा? सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवं रंगद्रव्यच तयार होत नाही. केशरी होतं. आणि ज्यांना तो खातो त्या हरणांना केशरी आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, मग वाघाचं काम त्यावर भागतं. निसर्गाने हा प्रयोग कधीच करून ठेवलाय, मी तर नुसतं जॅकेट घालणार होतो.

खरी काळजी वेगळीच निघाली. आपलं नेत्रभिंग ४०० नॅनोमीटरखालचा बहुतेक अतिनील प्रकाश अडवतं, हरणाचं तो बराचसा आत जाऊ देतं. त्यात बहुतेक डिटर्जंटमध्ये कपडे ‘शुभ्र’ दिसावेत म्हणून घातलेलं रसायन असतं. ते अतिनील प्रकाश शोषतं आणि निळा प्रकाश बाहेर टाकतं, साधारण तिथेच जिथे हरणाची निळी पेशी सर्वांत तल्लख असते. पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे हरणं हिंडतात तेव्हा, प्रकाशात निळ्याचं प्रमाण जास्त असतं. कायदेशीर वेळही सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सुरू होते. म्हणजे मातकट, पानापानांची नक्षी असलेली महागडी कॅमो पँट नेहमीच्या साबणात धुतली, तर आपल्याला ती मातीत मिसळलेली दिसेल आणि हरणाला मात्र निळसर उजळलेली.

हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटेना. अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च आणली, रात्री खोलीतले सगळे दिवे बंद केले आणि कपडे पलंगावर पसरले. नारिंगी जॅकेट निखाऱ्यासारखं पेटलं. ते अपेक्षितच होतं, कारण तो रंगच फ्लुरोसंट आहे आणि पेटला तो नारिंगीच. बघायची असते ती निळसर-पांढरी चमक. ती टोपीच्या आतल्या लेबलवर होती, बनियनच्या गळ्याला होती, लोकरी मोज्यांवर अजिबात नव्हती. कॅमो पँट तर नवी कोरी, एकदाही न धुतलेली, तरी तिच्यातला फिका राखाडी भाग जांभळट निळा उजळत होता आणि शिवणीचा दोरा रेघ ओढल्यासारखा लख्ख दिसत होता. कारखान्यातूनच ते रसायन कापडात आलेलं. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली हे कधीच कळलं नसतं.

मग धुणं. चमक आणणारं रसायन नसलेलं डिटर्जंट मिळतं, सुगंध नसलेलंही. मशीनमध्ये आधीच्या साबणाचा अंश राहतो, म्हणून मी आधी मशीन रिकामं चालवून घेतलं. पण नव्या साबणाने कापडात मुरलेली जुनी चमक जात नाही. त्यासाठी अतिनील चमक मारणारं वेगळं द्रावण येतं, ते पँटला लावलं. वाळल्यावर पुन्हा अंधार करून टॉर्च मारली तर पँट काळी दिसली, दोरा मात्र थोडा उजळच होता. त्यावर पुन्हा द्रावण लावलं. नारिंगी जॅकेटला ते लावलं नाही आणि कुणी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची झळाळी दुसऱ्या शिकाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते, आणि ती विटली की जॅकेटचा उपयोगच संपला.

आणखी एक पडताळणी घरबसल्या करता येते. अनेकजण कपड्यांचा फोटो कृष्णधवल करून बघायला सांगतात. त्यात गफलत अशी की कॅमेरा लाल-नारिंगी प्रकाशही मोजतो आणि जॅकेट हरणाला दिसतं त्यापेक्षा उजळ दिसतं. मी फोटो संपादनाच्या अ‍ॅपमध्ये लाल चॅनल शून्यावर नेला आणि हिरवा-निळा तेवढा ठेवला. हरणाच्या दोन पेशींच्या हे बरंच जवळ जातं, अतिनील भाग सोडून. जॅकेट पाचोळ्याच्या रंगात बरंचसं विरलं. शेजारी मुद्दाम ठेवलेली निळी जीन्स तेवढी उठून दिसली. जीन्स घालून मचाणावर बसणारे पुष्कळ बघितलेत, त्यांना हा फोटो मी आवर्जून दाखवतो.

जॅकेट निवडताना पूर्ण सपाट नारिंगी घ्यायचं की काळ्या फांद्यांची नक्षी असलेलं, हाही प्रश्न होता. रंग कळला नाही तरी मोठा एकसलग उजळ आकार हरणाला कळतो, नक्षीने तो तुटतो. विस्कॉन्सिनच्या नियमात निम्मा नारिंगी पुरतो, म्हणून नक्षीचं चालतं. जॉर्जियात कमरेवर ५०० चौरस इंच, पेनसिल्व्हेनियात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच असा हिशेब असतो. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याने तिथलं नियमांचं पुस्तक उघडावंच. मी टोपी सपाट नारिंगी घेतली आणि जॅकेट नक्षीचं. झाडीत वाकून बसलेल्या माणसाचं आधी डोकं दिसतं, तिथे तडजोड नको.

मोसमातल्या एका सकाळी एक मादी ओढ्याच्या कडेने चालत माझ्या मचाणाखाली आली. जॅकेटवर चांगलं ऊन पडलेलं. तिने दोनदा वर पाहिलं आणि पुन्हा ओकची फळं हुंगायला लागली. हरणाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, बाहुली आडवी असते, मान न वळवता जवळपास ३०० अंशांतलं दिसतं. मात्र बारकावे आपल्याइतके स्पष्ट दिसत नाहीत. हे वाचलेलं होतं, पण समोर बघणं वेगळं. मी मोजा वर ओढायला हात जरासा हलवला आणि ती जागीच थिजली. कान माझ्या दिशेने. डोकं खाली घालून एकदम वर उचललं, पुन्हा तसंच केलं, मग पुढचा एक पाय उचलून जमिनीवर आपटला. रंग तसाच होता, जागा तीच होती; बदललं होतं ते फक्त हलणं. थोड्या वेळाने वारा फिरला आणि तिने फुरफुर करत शेपटीचं पांढरं निशाण उभारून धूम ठोकली. वासापुढे कुठलंच कापड टिकत नाही.

यंदा मी कपड्यांवर नवा खर्च केलेला नाही. मोसमाआधी टॉर्चखाली सगळं पुन्हा तपासलं. पँट एकदा साध्या साबणातल्या कपड्यांबरोबर धुतली गेली होती, तिला द्रावणाचा हात पुन्हा दिला. आणि हातमोजे तपकिरी घेतले, कारण हलतात ते हातच.