वर्गणी भरून सोफा घ्यावा का?

दुकानात शिरायलाही पैसे मोजावे लागतात, हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही. "गिऱ्हाइकाकडून आधी पैसे घ्यायचे आणि वर त्यालाच माल विकायचा? धन्य आहे!" पण इथे न्यू जर्सीत नवं घर घेतलेले आणि तिकडून इकडे यायच्या तयारीत असलेले, दोघंही हमखास विचारतात: फर्निचरसाठी क्लबाचं सभासदत्व घ्यावं का? मी एवढंच बघायला सांगते, की दुकानदाराची कमाई कधी होते? तुम्ही वर्षानुवर्षं येत राहिलात तर, की पहिल्याच दिवशी सही केलीत की झाली?

घाऊक पद्धतीने माल विकणारं कॉस्टको पहिल्या जातीतलं. साधी वर्गणी वर्षाला ६५ डॉलर (सप्टेंबर २०२४ पर्यंत ६० होती). २०२४ च्या आर्थिक वर्षात कंपनीचा निव्वळ नफा सुमारे ७.४ अब्ज डॉलर होता आणि नुसत्या वर्गणीतून ४.८ अब्ज जमा झाले. म्हणजे मालावर फारसं चढवायचं नाही आणि माणूस पुढच्या वर्षी परत वर्गणी भरेल हे बघायचं, असा सगळा हिशेब. मन भरलं नाही तर वर्गणीसुद्धा परत देतात. सोफे मात्र मोजकेच असतात. आज बघितलेला पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. तिथलीच १३० डॉलरची वरची वर्गणी घ्यायची तर २ टक्के परतावा मिळतो. जादाचे ६५ डॉलर वसूल व्हायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी हवी. चौघांच्या घरात डाळ-तांदूळ-डायपर धरून ती होतेही. एकट्या बॅचलरने त्या फंदात पडू नये.

खरी गंमत दुसऱ्या जातीची, म्हणजे सहीवरच कमावणाऱ्या क्लबांची. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका जोडप्याबरोबर आम्ही अशाच एका क्लबाच्या 'ओपन हाउस'ला गेलो होतो. नवरा-बायको दोघांनी यायलाच हवं, अशी अट. (पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये 'तुम्हाला बक्षीस लागलंय' म्हणून हॉलिडे क्लबवाले बोलावतात ना, थेट तोच मामला.) खाली ऐसपैस शोरूम, पण एकाही वस्तूवर किमतीची चिठ्ठी नाही. तासभर व्हिडिओ, मग प्रत्येक जोडप्याला वेगळं टेबल. वहिनी हुशार. आदल्या दिवशी दुसऱ्या दुकानात बघितलेल्या सोफ्याचा मॉडेल नंबर त्यांनी जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून आणला होता. "हा तुमच्याकडे केवढ्याला?" समोरचा गोड हसला. भाव फक्त सभासदांना. वर्गणी काही हजार डॉलर, हप्त्यांची सोय आहे, पण सही आत्ताच. घरी जाऊन विचार करतो म्हटलं, तर पुन्हा संधी नाही. वहिनींनी बिल घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि आम्ही ओक ट्री रोडवर डोसे खायला गेलो.

हिशेब करून बघा. समजा वर्गणी ५,००० डॉलर आणि मालावर २५ टक्के वाचतात. मग २०,००० डॉलरचं सामान घेतल्यावर कुठे तुम्ही बरोबरीला येता. वाहतूक आणि हाताळणीचा खर्च निराळा. एच-वन-बी व्हिसावर भाड्याच्या घरात राहणारा माणूस एवढं सामान घेऊन करणार काय? शिवाय घरी आलेल्या विक्रेत्याशी केलेला सौदा तीन दिवसांत मोडता येतो, हा इथला केंद्रीय नियम दुकानदाराच्या कायमच्या जागेत केलेल्या सहीला लागू नाही. तिथे मोडता येईल की नाही, हे राज्याच्या कायद्यावर आणि करारातल्या बारीक अक्षरांवर. आणि क्लबच बुडाला तर? या धंद्यातलं मोठं नाव डायरेक्टबाय. १९७१ मध्ये इंडियानात युनायटेड कन्झ्युमर्स क्लब म्हणून सुरू झालेल्या या कंपनीनेही नोव्हेंबर २०१६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

मधली एक जात आहे आरएचची, म्हणजे रेस्टोरेशन हार्डवेअर या फर्निचरवाल्या कंपनीची. २०१६ मध्ये त्यांनी नेहमीचे सेल बहुतेक गुंडाळले आणि वर्षाला १०० डॉलर भरणाऱ्याला पूर्ण किमतीच्या मालावर २५ टक्के सूट, अशी पद्धत आणली. पुढे वर्गणी वाढली. मोठा टेबल घेतलात तर ती एका फटक्यात वसूल होते, हे खरं. पण सभासद नसलेल्याला लावलेला भाव देतो कोण? मी तरी सवलतीचा आकडा बघतच नाही. सवलतीनंतरची किंमत घ्यायची आणि तसाच टेबल बाकीच्या दुकानांत केवढ्याला आहे ते बघायचं.

आयकियाचं 'फॅमिली' सभासदत्व फुकट आहे, ते घेऊन टाका. एलिझाबेथ गावातलं त्यांचं दुकान इथून जवळ आहे.

नुकते येणार असाल तर मात्र पहिलं वर्ष काहीच भरू नका. आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मे-जूनमध्ये 'मूव्हिंग सेल'चा पाऊस पडतो: जेवणाचं टेबल, बुकशेल्फ, कधी कधी पाटा-वरवंटासुद्धा. भाड्याने गाड्या देणाऱ्या यू-हॉलची छोटी गाडी गावातल्या गावात १९.९५ डॉलरपासून मिळते, मैलांचे पैसे वेगळे. गादी तेवढी नवी घ्या.