तुमच्याकडे मृग कधी?

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीला, बागायतशास्त्राच्या क्लासच्या पहिल्याच आठवड्यात, कॉलेजच्या टेकडीवर एक झाड बघून माझ्या पोटात कालवलं. अंगावर पान म्हणून नाही. राखाडी-पांढऱ्या फांद्यांना अंजिराच्या आकाराची फळं तेवढी लोंबत होती. मी शिक्षिकेला म्हटलं, हे मेलं. त्या म्हणाल्या, "झोपलंय. पाऊस आला की उठेल."

ते कॅलिफोर्निया बकआय होतं. इथे कॅलिफोर्नियात एप्रिल-मे ते ऑक्टोबर जवळजवळ थेंब पडत नाही. पाऊस येतो तो हिवाळ्यात. म्हणून हे झाड उन्हाळ्यातच पानं टाकून देतं आणि फेब्रुवारीच्या सुमारास, पाऊस चालू असतानाच, हिरवंगार होतं. मी मूळची गुहागर तालुक्यातली. माझ्या डोक्यात झाडांचं वर्ष जूनला सुरू होतं. ते उलटं करायला मला हे अख्खं वर्ष लागलं.

मी त्रेचाळीस वर्षांची आहे. अकरा वर्षं सिलिकॉन व्हॅलीतल्या सनीवेलच्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीने आमची अख्खी टीम बंद केली. पुढचे काही महिने मी अर्ज करत होते आणि मागच्या अंगणात माती उकरत होते. त्यात मँझनिता या इथल्या रानझुडपाचं एक रोप आणलं. त्याचं खोड गुळगुळीत आणि काताच्या रंगाचं असतं, त्या खोडावरच माझा जीव गेला. जुलैत लावलं. बाबा चैत्र-वैशाखात नव्या कलमांना घालायचे तसं आळं करून रोज संध्याकाळी पाणी घातलं. तीन आठवड्यांत ते वाळलं. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी घातलं.

मुळं कुजली होती. तापलेली माती आणि त्यात सतत ओल, की फायटोफ्थोरासारखे रोग मुळांना धरतात, आणि उन्हाळा कोरडा काढायची सवय असलेल्या झाडांना ते सोसत नाही. कोस्ट लाइव्ह ओक या इथल्या सदाहरित झाडाचंही तेच. ओकखाली हिरवळ लावून उन्हाळाभर स्प्रिंकलर चालवणारे लोक शंभर वर्षांचं झाड स्वतःच्या हाताने मारत असतात. हे मला त्या जुलैत कुणी सांगितलं असतं तर! झाडं मला कळतात असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात मला फक्त कोकणातली झाडं कळत होती. त्याच महिन्यात फूटहिल या कम्युनिटी कॉलेजच्या हॉर्टिकल्चरला, म्हणजे बागायतशास्त्राला, नाव घातलं.

ज्यांना कम्युनिटी कॉलेज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत. ग्रीन कार्ड असलेल्या, इथेच राहणाऱ्या माझ्यासारखीला क्वार्टर (तिमाही सत्रांच्या) पद्धतीच्या कॉलेजात एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ३१ डॉलर पडतात. वयाची अट नाही, प्रवेश परीक्षा नाही. माझ्या बाकावर एकीकडे निवृत्त नर्स बसते, दुसरीकडे एकोणीस वर्षांचा मुलगा, ज्याचे वडील मेक्सिकोहून येऊन इथे बागांची कामं करतात. मँझनिता म्हणजे स्पॅनिशमध्ये छोटं सफरचंद, हे त्याने सांगितलं. झाडं ओळखायच्या परीक्षेत लॅटिन नाव, कुळ, स्पेलिंग सगळं चोख लागतं. आर्क्टोस्टॅफिलॉस, म्हणजे मँझनिताचं लॅटिन नाव, लिहिताना त्याचा हात अडतो तसाच माझाही. पण पानाचा वास घेऊन झाड सांगण्यात तो आमच्या सगळ्यांच्या पुढे आहे.

फेब्रुवारीत कलमं बांधायचा प्रात्यक्षिकाचा तास होता. सफरचंदाच्या खुंटावर जिभेचं कलम. दोन्ही काड्यांना तिरका काप, मग प्रत्येकीत एक जीभ, आणि एकमेकींत अडकवायच्या. सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूला तरी जुळला पाहिजे. चाकू हातात घेतला आणि माझा अंगठा आपोआप बाबांसारखा धरला गेला.

आमच्याकडे आजोबा भेटकलम करायचे. हापूसच्या झाडाला माळा बांधायचा, त्यावर कुंडीतली रोपं चढवायची, फांदी आणि रोप तसंच जोडून दोन-तीन महिने राखायचं. बाबा कोयकलम शिकले, दापोलीच्या कृषी विद्यापीठातून आलेल्या माणसाकडून. कोय रुजून पंधरा-वीस दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस, तेवढ्यात कापून काडीची पाचर बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायचं. काडीची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापलेली असायची, म्हणजे डोळा फुगतो. जून-जुलैच्या दमट हवेत ते पटकन धरतं. मी दहा वर्षांची असल्यापासून पट्ट्या कापून द्यायचे. ते शिक्षण होतं हे तेव्हा आमच्या घरात कुणाच्या मनात आलं नाही. मी इंजिनिअर व्हावं म्हणून बाबांनी मला त्यातून मुद्दाम बाहेर काढलं. त्यांना दोष नाही देत. कलमांवर घर चालवताना काय होतं ते त्यांनी भोगलंय.

म्हणून त्यांना हे सांगायला मी दोन महिने लावले. फोनवर थोडा वेळ शांत होते. मग म्हणाले, "बाय, तुमच्याकडे मृग कधी?"

"नोव्हेंबरात, बाबा."

"म्हणजे आमच्याकडे भात झोडून झालं की तुमची लावणी. बरंय."

पैशाचं सांगायला हवं, कारण हे वाचून दोघीतिघी तरी विचारतील. आता आठवड्यातले तीन दिवस मी एका नर्सरीत काम करते आणि पगार पूर्वीच्या जवळपासही नाही. नवऱ्याची नोकरी आहे म्हणून घर चालतं. स्वतः बागा उभारायची कंत्राटं घ्यायची तर इथे सी-२७ हा लँडस्केप कंत्राटदाराचा परवाना लागतो आणि त्याला चार वर्षांचा अनुभव. आर्बोरिस्टच्या, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाच्या, परीक्षेला बसायला साधारण तीन वर्षांचा. म्हणजे पन्नाशीला टेकेन तेव्हा मी या धंद्यात नुकती उभी असेन. हे हिशेब करून मगच मी पुढच्या वर्षाचे विषय घेतले आहेत.

मला फळझाडांच्या छाटणीचं काम करायचंय. सिलिकॉन व्हॅली म्हणतात ती ही सांता क्लारा व्हॅली एकेकाळी प्रून (सुकवायचे प्लम) आणि जर्दाळूंच्या बागांनी भरलेली होती. सनीवेलच्या कम्युनिटी सेंटरपाशी ब्लेनहाइम जातीच्या जर्दाळूंची दहा एकरांची बाग शहराने राखली आहे. अकरा वर्षं त्या शहरात नोकरी करून मी तिथे एकदाही गेले नव्हते. यंदा जूनच्या शेवटी गेले. झाडावर पिकलेला ब्लेनहाइम हातात घेतला तर देठापाशी किंचित हिरवा, आत मात्र मध. जर्दाळू हिवाळ्यात छाटायचा नाही, हेही मी याच वर्षी शिकले. युटिपा नावाची बुरशी पावसात पसरते आणि ताज्या कापातून आत शिरते. म्हणून फळ उतरल्यावर, कोरड्या हवेत, जुलै-ऑगस्टमध्ये छाटणी. पुढच्या महिन्यात ओळखीच्या एका घरची तीन म्हातारी झाडं माझ्याकडे आहेत. सिकेटरला धार लावून ठेवली आहे.

मँझनिता मी नोव्हेंबरात पुन्हा लावलं, पहिल्या पावसानंतर, आळं न करता, थोड्या उंचवट्यावर. पहिला उन्हाळा असल्याने महिन्यातून एकदा पाणी, तेही पहाटे आणि खोडापासून लांब. काल तो दिवस होता. साडेपाचला उठले, पाइप ओढत नेला आणि आधी मातीत बोट खुपसून पाहिलं. खाली ओल लागली. पाइप गुंडाळून परत ठेवला.