हे पूर्ण कधी केलं त्याने?

परवा रात्री लॅपटॉपवर युजेन बूदँ या फ्रेंच चित्रकाराचा एक सूर्यास्त उघडून बसले होते. वहिनी मागून डोकावल्या. "छान आहे गं. पण हे पूर्ण कधी केलं त्याने?" एवढं विचारून त्या दूध झाकायला आत गेल्यासुद्धा. प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागलाय.

त्यांचं तरी काय चुकलं? पेस्टल ते, रंगीत खडूचं चित्र. राखाडी कागद, आणि पाण्याच्या जागी तो मधूनमधून तसाच उघडा. केशरी खडू आडवा ओढलेला, मध्येच थांबलेला. ढगांत बोटाने पुसल्याच्या खुणा.

मग मला एवढं का लागावं? 'पूर्ण कधी?' हाच प्रश्न मलाही हल्ली सगळे विचारतात. आई विचारत नाही, ते जास्त लागतं. असो.

बूदँ नॉर्मंडीतल्या ओंफ्लरचा, जन्म १८२४ चा, बाप दर्यावर्दी. बोदलेअर या फ्रेंच कवीने तिथे त्याच्याकडे अशी शेकडो पेस्टलं पाहिली आणि १८५९ साली त्यांवर लिहिलं. प्रत्येकाच्या कडेला तारीख, वेळ आणि वारा: ८ ऑक्टोबर, दुपारचे बारा, वायव्येचा वारा. ती ओळ हाताने झाकली तरी ऋतू, वेळ, वारा ओळखता येईल, म्हणतो. पण लगेच हेही म्हणतो की ही काही चित्रं नव्हेत, खरी चित्रं यातून पुढे व्हायचीत. म्हणजे वहिनींचाच प्रश्न! हे वाचून काल दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. एवढा मोठा कवी, त्यालाही आहे ते पुरलं नाही.

आज पुन्हा ते चित्र मोठं करून पाहिलं. सूर्य बुडताना हातात वेळ असतो किती? खडूचं बरं, उचलला की रंग तयार, वाळायची वाट बघायला नको. कागदाला तो धड धरूनही राहत नाही, म्हणून आजही अशी चित्रं काचेमागे जपतात. ते ढग काही दुसऱ्या दिवशी परत येणार नव्हते. पुढे करायचं काय होतं त्यात? जे होतं ते त्याच संध्याकाळी झालं.

आणि १८७४ साली पॅरिसला मोने, देगा वगैरे चित्रकारांनी मिळून प्रदर्शन भरवलं, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या बूदँने आकाशाचे असेच पेस्टल अभ्यास, म्हणजे तयारीची चित्रं, चौकटीत घालून तिथे मांडले. मोनेला पोरवयात उघड्यावर चित्रं काढायला यानेच नेलं होतं. त्या प्रदर्शनातला मोनेचा ल आव्र बंदरातला सूर्योदय सगळ्यांना आठवतो. मला आता या चौकटी आठवत राहतील. बोदलेअरने लिहिलं त्यानंतर पंधरा वर्षांनी बूदँने ते अभ्यासच लोकांपुढे ठेवले, याने फार बरं वाटलं.

माझी अर्धवट फाइल कपाटातून काढली. पहिल्या पानावर तारीख घातली, संध्याकाळचे सात, वारा पश्चिमेचा. पुढचं काही लिहिलं नाही. आईने विचारलं तर मात्र दाखवीन, आहे तशी.