दादाच्या गाडीतला रेडिओ

पहाटे पावणेसहा. इंडियानापोलिसच्या उत्तरेला कार्मेल नावाचं गाव आहे, तिथून आम्ही गाडीने मिशिगन राज्याकडे निघालो. ऑक्टोबर २०१४. बाहेर मिट्ट काळोख, आणि तो आणखी दोन तास राहणार होता. इंडियानाचा हा भाग त्यांच्या पूर्वेकडच्या कालविभागाच्या पार पश्चिम टोकाला येतो, त्यामुळे ऑक्टोबरात सूर्य उगवायला आठ वाजत येतात. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी खिडकीजवळ बसायचं म्हणून हट्ट केला होता आणि खिडकीत काहीच दिसत नव्हतं.

वहिनी मागे पांघरूण घेऊन झोपली. दादाने गाडी रस्त्याला लावली, थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला आणि रेडिओ लावला. ९४.७, इंडियानापोलिसचं एफएम स्टेशन. सहा वाजले तशी चार-पाच माणसं एकदम बोलायला लागली. एक बाई हसली. मग सगळेच हसले. आणि दादा हसला.

हे लिहायला बसले ते या हसण्यामुळे. त्याच भेटीतले शिकागोचे तीन दिवस, उंच इमारती, मोठं तळं, संग्रहालय, सगळं छान होतं. पण त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

दादा १९९६ साली अमेरिकेत गेला. तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन. "कसं चाललंय? आईचे गुडघे कसे आहेत? पाऊस झाला का?" अठरा वर्षं तेच तीन प्रश्न. मी आईला म्हणायची, दादा कोरडा झालाय गं. लहानपणी जेवताना हसून हसून ठसका लागणारा मुलगा तिकडे जाऊन पार आटला, असं माझं पक्कं मत झालं होतं. दोनदा तर त्याला तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. आणि आता अंधारात, स्टिअरिंगवर हात ठेवून, तो खांदे हलवत हसत होता. अगदी बाबांसारखा. बाबा ट्रान्झिस्टर कानाशी धरून, सांगलीत खरखरत लागणारं मुंबई केंद्र पकडून, 'पुन्हा प्रपंच' ऐकायचे आणि टेकाडे भाऊजींचं वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांचे खांदे हलायला लागायचे. तसेच.

मला त्या विनोदातलं निम्मं कळलं नाही. जे कळलं त्यातलं काही मला आवडलंही नाही. सकाळच्या वेळी घरात सगळ्यांसमोर लावता येणार नाही असं बरंच काही त्यात होतं, आणि भावाशेजारी बसून ते ऐकताना मी खिडकीकडे तोंड केलं. दादाला ते जाणवलं असावं. आवाज थोडा कमी करून तो म्हणाला, "सगळंच असं नसतं गं. थांब, बातम्या येतील आता."

बातम्या देणारी ती मघाशी हसलेली बाई, क्रिस्टी ली. ती खरी बातमी वाचायची, कुठल्या तरी गावात काहीतरी विचित्र घडलेलं असायचं, आणि बाकीचे तिला एक वाक्य धड पुरं करू द्यायचे नाहीत. खेळाच्या बातम्यांना चिक मॅगी. आणि या सगळ्यांना धरून ठेवणारे दोघे, बॉब केव्हॉयन आणि टॉम ग्रिसवोल्ड. कार्यक्रमाचं नाव सरळ 'बॉब अँड टॉम शो'. सकाळी सहा ते दहा, चार तास. लिहून आणलेलं नाटुकलं नाही, श्रुतिका नाही. एका खोलीत बसलेल्या माणसांच्या गप्पा, मध्येच गिटार घेऊन आलेला एखादा गाणारा विनोदवीर, मध्येच रात्री कुठल्या तरी क्लबात कार्यक्रम करून अर्धवट झोपेत स्टुडिओत आलेला दुसरा. देशभर क्लबांतून फिरून पोट भरणाऱ्या या विनोदवीरांना या कार्यक्रमाने ऐकणारे मिळवून दिले, असं दादा सांगतो. सकाळी रेडिओवर ऐकलेला माणूस पुढच्या महिन्यात आपल्या गावात आला की लोक तिकीट काढून जातात. तो स्वतः कितीतरी जणांना असा ऐकून आला होता, एकटाच, वहिनी यायच्या आधीच्या काळात.

रस्ता होता यूएस ३१. आम्हाला मिशिगनच्या उत्तरेला पेटॉस्की नावाच्या गावाला जायचं होतं. तिथे जायला याहून जवळचे रस्ते आहेत, वहिनीने आदल्या रात्री नकाशावर दोन दाखवले. दादा ऐकेना. हाच रस्ता हवा. का, ते मला गाडीत कळलं. बॉब आणि टॉम यांची जोडी जमली ती त्या पेटॉस्कीच्या परिसरात. बॉब कॅलिफोर्नियाचा, टॉम ओहायोतल्या क्लीव्हलंडचा. दोघे कुठून कुठून तळ्याकाठच्या त्या थंड, लहानशा गावात येऊन डब्ल्यूजेएमएल नावाच्या स्टेशनवर काम करू लागले. मार्च १९८३ मध्ये त्यांना इंडियानापोलिसच्या डब्ल्यूएफबीक्यूने, म्हणजे ९४.७ वरच्या, तिथे सगळे ज्याला 'क्यू ९५' म्हणतात त्या स्टेशनने, सकाळच्या वेळेसाठी आणलं. आणि हा ३१ नंबरचा रस्ता त्या दोन्ही गावांतून जातो. दादाच्या मते ते दोघे याच रस्त्याने आले असणार. त्याला त्यांचा प्रवास उलटा करून बघायचा होता.

बारा वर्षं तो कार्यक्रम इंडियानापोलिसपुरताच होता. १९९५ च्या जानेवारीत तो उपग्रहावरून इतर गावांच्या स्टेशनांना मिळू लागला आणि पुढे ही स्टेशनं शंभराच्या वर गेली. आपल्याला यासाठी जवळचा शब्द आहे, सहक्षेपण. सांगलीत सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागायच्या आणि त्याच बातम्या महाराष्ट्रभर सगळ्या केंद्रांवर एकदम ऐकू यायच्या, तसंच. फरक एवढाच, की तिथे ते सगळं धंद्याच्या हिशोबात बसवलेलं. कार्यक्रम एका स्टुडिओत होतो. ठरलेल्या मिनिटांना तो थांबतो, आणि त्या फटीत प्रत्येक गावचं स्टेशन आपल्या जाहिराती, आपलं हवामान, आपल्या रस्त्यावरची कोंडी घालतं. फट संपली की सगळे पुन्हा एकत्र. अशा कार्यक्रमांत वेळसुद्धा जपून सांगतात, तास न सांगता नुसती मिनिटं, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाकडे सात वाजलेले असतात, कुणाकडे सहा.

दादाला हे सगळं कसं कळलं? १९९९ मध्ये कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी दुसऱ्या राज्यात पाठवलं. नवीन गाव, ओळखीचं कुणी नाही, कारखान्यापर्यंत चाळीस मिनिटं अंधारातला रस्ता. पहिल्याच सकाळी त्याने गाडीत रेडिओची कळ फिरवली आणि क्रिस्टी ली हसताना ऐकू आली. "मी गाडी बाजूला घेतली," तो म्हणाला. "खरं सांगतो. मला वाटलं जुनं स्टेशन इतक्या लांब लागतंय की काय."

एवढं बोलून तो गप्प झाला. मीही. अठरा वर्षांत रविवारच्या फोनवर हे एकदाही आलं नव्हतं. आणि मीही कधी विचारलं नव्हतं की सकाळी कामावर जाताना तू काय करतोस.

पेरू नावाचं गाव गेलं. एके काळी सर्कशी हिवाळ्यात तिथे मुक्कामाला असायच्या, असं दादाने सांगितलं. त्याच्या पुढे आवाज बिघडायला लागला. त्या वेळी एक पाहुणा विनोदवीर त्याच्या सासऱ्यांच्या जुन्या बोटीची गोष्ट सांगत होता आणि ती मला चक्क कळत होती. सासऱ्यांनी बोट फुकट दिली, ती आणायला हे गेले, ट्रेलरला बांधली, चढावर आले आणि... खरखर. मध्ये एक शब्द. पुन्हा खरखर. मग कुठलंसं भजन. दादाने कळ फिरवली. शेतीमालाचे भाव, तिकडची कंट्री गाणी, प्रवचन, पुन्हा भाव. दोन्ही बाजूंना अंधारात मक्याच्या शेतांत मोठमोठी कापणी यंत्रं दिवे लावून चालली होती. दादाचा चेहरा इतका गंभीर झाला की मी त्याला थांब म्हणायचंही टाळलं. आणि मग, बऱ्याच वेळाने, दुसऱ्याच आकड्यावर, खो-खो हसणारी तीच माणसं सापडली. बोटीची गोष्ट संपली होती. हशा चालू होता.

"गेली," दादा म्हणाला.

त्या बोटीचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही, आणि आजही ते मला खुपतं.

थोड्या वेळाने एका टापूत दोन स्टेशनं एकाच वेळी लागत होती, दक्षिणेचं जेमतेम, उत्तरेचं स्वच्छ. दादाने मला कळ दाबून दाखवली. एकीकडे टॉम वाक्य संपवतो, कळ दाबली की दुसरीकडे तोच टॉम तेच वाक्य पुन्हा म्हणतो, काही सेकंद मागे. तोच विनोद दोनदा, आणि हसणं दोनदा. वहिनी उठली आणि म्हणाली, "झालं का तुझं सुरू?" त्यावर आम्ही तिघे हसलो. साउथ बेंडजवळ उजाडलं. धुकं, लाल-पिवळी झाडं, आणि शेवटी माझ्या खिडकीला काम मिळालं.

दहा वाजता आम्ही मिशिगनमधल्या हॉलंड गावात होतो. तिथे नेदरलँड्सहून आणून उभी केलेली खरी पवनचक्की आहे, लोक ती बघायला येतात. आम्ही गाडी थांबवली ती कार्यक्रमाची शेवटची मिनिटं नीट ऐकता यावीत म्हणून. पवनचक्की मी लांबून पाहिली.

मधल्या रात्रीच्या मोटेलबद्दल एवढंच सांगते, की खोली गोठलेली होती आणि तक्रार केल्यावर खिडकीवरच्या माणसाने मान वर करूनही पाहिलं नाही. पाहुण्याला पाणी विचारण्याची रीत ज्या देशात नाही तिथे मी कितीही वेळा गेले तरी मला त्याची सवय होणार नाही.

पेटॉस्की मात्र गोड गाव आहे. निळं, थंड पाणी, उतारावर जुनी लाकडी घरं, आणि खाडीपलीकडे हार्बर स्प्रिंग्ज. उन्हाळ्यात इथे गर्दी होते म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा निम्मी दुकानं बंद आणि किनारा रिकामा. मला ते फार बरं वाटलं. दादाला मात्र काहीतरी सापडायला हवं होतं. एखादी पाटी, एखादी खूण, इथे हे दोघे भेटले म्हणून. दोन-तीन रस्ते तो फिरला. आम्हाला काही दिसलं नाही. मी म्हटलं, कुणाला तरी विचार. त्याने विचारलं नाही. आपल्या आयुष्यात इतक्या महत्त्वाच्या असलेल्या गोष्टीबद्दल परक्या माणसाला विचारायचा त्याला संकोच वाटला, हे मला तेव्हा कळलं नाही, मी त्याच्यावर चिडले. एवढ्या लांब यायचं आणि तोंड उघडायचं नाही! आता वाटतं, मी त्याच्या जागी असते तर माझीही जीभ अशीच अडली असती.

मग आम्ही किनाऱ्यावर वाकून दगड शोधले. इथला दगड प्रसिद्ध आहे, पेटॉस्की स्टोन. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता, त्यातल्या पोवळ्यांचे हे अवशेष. १९६५ पासून तो मिशिगनचा राज्य-दगड आहे. सुका असला की साधा राखाडी गोटा, कुणी उचलणारही नाही. पाण्यात बुडवला की त्यावर मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी नक्षी उमटते. दादाने तीन शोधले. मला एकही सापडला नाही, त्याने त्यातला एक दिला. तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, आणि हात धुताना मी त्यावर पाणी उडवते.

परतीचा प्रवास जवळच्या रस्त्याने, रात्री, न बोलता.

पुढच्याच वर्षी, २०१५ साली, त्या दोघांना अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ हॉल ऑफ फेममध्ये घेतलं आणि त्याच डिसेंबरात बॉब केव्हॉयन निवृत्त झाला. इंडियानापोलिसला येऊन बत्तीस वर्षं झाली होती. टॉमने कार्यक्रम पुढे चालू ठेवला. बॉबच्या शेवटच्या दिवशी सांगलीत रात्रीचे आठ वाजले होते, मी भाकऱ्या करत होते, आणि फोन वाजला. रविवार नव्हता. माझ्या पोटात गोळा आला.

"अगं, काही नाही," दादा म्हणाला. "ऑफिसच्या आवारात गाडी लावून बसलोय. वर जाववत नाही. ऐकतेस का?"

त्याने फोन रेडिओजवळ धरला. मी पिठाच्या हातानेच माझा फोन कानाशी धरला. पलीकडून आवाज येत होते, एकात एक मिसळलेले, फोनमधून चिरकलेले. एक शब्द कळला नाही. मग ते सगळे हसले, आणि त्यांच्या मागोमाग, फोनच्या अगदी जवळ, दादा. मी तव्याखालचा गॅस बंद केला आणि ऐकत उभी राहिले.