भाचीचा एमबीबीएस प्रवेश आणि फीचा घोर

आज तहसील कार्यालयातून भाचीच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा कागद हाती पडला आणि घरातला मोठा घोर मिटला. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाली असल्यास, 2024 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, हे ठाऊक नसल्यामुळे दाजी गावाकडची जमीन गहाण टाकायला निघाले होते. व्यवस्थापन कोट्याला, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांना, ही सवलत लागू नाही, म्हणून पसंतीक्रम भरताना आम्ही त्या वाटेला गेलोच नाही. खानावळ, वसतिगृह आणि पुस्तकांचा खर्च राहतोच; पण तो दाजींच्या पगारात बसेल. आता महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरचा अर्ज आणि आधारशी जोडलेले बँक खाते, एवढेच बाकी आहे.